जिन्यातला फोन

मी सामाजिक मानसशास्त्राच्या तासाला निघाले होते. जिन्यात वैशाली फोनवर बोलत होती. "हाव माय, जेवली ना मी." आमच्या पुण्याच्या कॉलेजात तिचा हा मोकळा वऱ्हाडी आवाज मी कधीच ऐकला नव्हता. वर्गात ती प्रत्येक शब्द पारखून बोलते.

तेवढ्यात वरून तिच्या मैत्रिणी उतरल्या. "कोणाचा गं?"

वैशालीने फोन कापला. "राँग नंबर."

मी तिच्या मागोमाग वर्गात जाऊन शेजारी बसले.

चारचौघांच्या नजरेतून माणूस स्वतःला कसा बघतो, ते तासाला मॅडम शिकवत होत्या. आम्ही मुकाट्याने उतरवून घेत होतो. मला वाटलं, यात शिकायचं काय उरलंय? त्या नजरेला न आवडणारं काहीतरी प्रत्येकजण पाठीमागे दडवूनच तर वर्गात येतो. कुणी डबा दडवतं, कुणी आडनाव. हिने आई दडवली.

शेजारी वैशालीचा फोन बाकावर थरथरला. कापलेल्या फोनने तिकडे आईचा जीव घाबरला असणार. वैशालीने त्यावर तळवा दाबून धरला. फोन थांबेना. सगळ्या माना वळल्या.

"कोणाचा आहे?" मॅडमनी विचारलं.

मैत्रिणी बघत होत्या. वैशाली उभी राहिली.

"मॅडम, मायचा आहे. घेऊ?"