बर्फाच्या मशीनच्या जागी

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. हत्यारांची पेटी मी माळ्यावर टाकून दिली होती. खापरखेड्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं एसी आणि कोल्ड रूमच्या कामात गेली. त्यात दोन्ही गुडघे गेले, आणि कॉम्प्रेसरच्या आवाजात राहून उजव्या कानाने ऐकूही कमी येऊ लागलं. तरी उन्हाळा आला की गल्लीतले लोक दारात येतातच. कुणाचा फ्रिज गार करत नाही, कुणाच्या कूलरची मोटर जळलेली असते. त्या एप्रिलात मी बायकोला सांगून ठेवलं होतं, कुणी आलं तर मी गावाला गेलोय म्हण. ती म्हणाली, "दारातूनच खाटेवर दिसता तुम्ही. मी काय सांगू?"

अशातच मित्राचा फोन आला. या माणसाला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. नोकरीत तो क्रेन चालवायचा. अठरा वर्षं आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून होती. माझ्या मुलीला टायफॉइड झाला तेव्हा बारा दिवस दवाखान्यात डबा घेऊन जाणारा तोच. मूळचा कन्हान नदीच्या काठचा. लहानपण नावेत गेलेलं, त्यामुळे निवृत्तीनंतर घरी बसण्याऐवजी नागपूरहून तासाभरावरच्या एका धरणावर पर्यटकांची मोटरबोट चालवायला लागला होता.

"झोपला होता का गा?" त्याने विचारलं.

"नाही. बोल."

"बोटीवर एक बर्फाची मशीन आहे. ते काढून तिथं फ्रिज बसवाचा आहे. मालक तयार आहे. तू ये."

मी म्हटलं, नागपुरात पन्नास मेकॅनिक आहेत, एखाद्याला पाठवतो. तो म्हणाला, "नाही गा. तूच ये." मग थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "लवकर ये." माझ्या एका कानात ते नीट शिरलं नसावं. मी सोमवारी येतो म्हणालो, कारण सोमवारी बोट बंद असायची.

ती बोट कोकणातून ट्रेलरवर लादून आणलेली होती. मालक तरुण माणूस, नागपूरला कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा ठोक व्यापार करायचा. हौसेने घेतली आणि मग धंद्याला लावली. दहा-बारा माणसं बसतील एवढी फायबरची बोट. चालवायचं चाक आणि त्याच्यामागे बाकं, सगळं उघड्यावर, वर फक्त ताडपत्रीचं छत. चाकाशेजारच्या बाकाखाली एक कप्पा होता आणि त्यात ती बर्फाची मशीन बसवलेली. आधीच्या मालकाचे शौक वेगळे असणार. इथे येणारी माणसं पोरंबाळं घेऊन यायची, त्यांना थंड पाणी हवं असायचं किंवा ताक. बर्फाचे खडे घेऊन ती काय करणार.

शिवाय अशा मशीनला पाण्याची नळी लागते, निचऱ्याची नळी लागते आणि मागची गरमी बाहेर जायला मोकळी जागा लागते. आपल्याकडच्या उन्हात त्या बंद कप्प्यात तिचा जीव गुदमरायचा. एप्रिलमध्ये ती दिवसभर घरघर करून वाटीभर ओला चुरा द्यायची आणि बॅटरी खाऊन टाकायची. हे सगळं मी मित्राला समजावून सांगितलं. तो हो हो करत होता. त्याचं लक्ष नव्हतं.

पहिला दिवस मशीन काढण्यात गेला. स्क्रू गंजून एकजीव झालेले. मी कप्प्यात डोकं घालून आडवा पडलो आणि एकेक स्क्रू तेल सोडून, वाट पाहून, पुन्हा फिरवून काढला. दुपारपर्यंत चार निघाले. उरलेले दोन छिन्नीने उडवले. मशीन दोघांनी मिळून ओढली तेव्हा तिच्याखालची फळीही तिच्यासोबत निघून आली. कित्येक वर्षं निचऱ्याची नळी थेंबथेंब गळत होती आणि प्लायवुड कुजून पावासारखं झालं होतं. बोटाने दाबलं की पेरभर आत जायचं.

एका दिवसाचं काम तीन दिवसांचं झालं, हे मला तिथेच कळलं. मी छिन्नी पेटीत टाकली आणि बाकावर बसलो. मित्र म्हणाला, "थकला का?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "मीही."

रात्री त्याच्याकडेच राहिलो असतो तर बरं झालं असतं, पण मला माझ्याच अंथरुणात झोप येते. एसटीने परत आलो, सकाळी पुन्हा गेलो. मालकाला फोन करून मंगळवारी आणि बुधवारीही बोट बंद ठेवायला लावली. कुजलेला भाग कापला, नवी फळी मापाने बसवली, सांधे रेझिनने भरले. फ्रिज जुन्या मशीनपेक्षा अर्धा इंच रुंद होता. तेवढं फायबर कापावं लागलं. फायबरचा भुसा घामात चिकटतो आणि मानेवर, कोपरांच्या आत अशी खाज सुटते की माणूस स्वतःची कातडी काढून ठेवेल.

अडीच-तीनच्या सुमाराला धक्क्यावर उभं राहवेना. मित्र म्हणाला, पलीकडच्या काठाला झाडांची सावली आहे, बोट तिकडे नेतो. त्याने इंजिन सुरू केलं. मी खाली बसून फ्रिजची वायर सोलत होतो. थोड्या वेळाने मान वर केली तर समोर पाण्यात रोवलेला लोखंडी खांब दिसला. पाण्याखाली बुडालेल्या धोक्याच्या जागेची खूण म्हणून असे खांब रोवून ठेवलेत. आम्ही सरळ त्याच्याकडे चाललो होतो.

"अरे, वळव," मी म्हटलं.

तो चाकाला धरून उभा होता. डोळे उघडे. सदरा पाठीला पूर्ण चिकटलेला, घाम हनुवटीवरून गळत होता.

"वळव ना गा."

"होय होय," तो म्हणाला, आणि हात हलला नाही. मग म्हणाला, "क्रेन खाली घेऊन राहिलो."

माझे गुडघे कसे उचलले गेले मला आठवत नाही. मी त्याला खांद्याने ढकललं, चाक फिरवलं आणि इंजिन बंद केलं. खांब बोटीच्या कडेला घासून मागे गेला. मित्र बाकावर बसला, म्हणजे पडलाच. खिशाकडे हाताने खुणावत होता. मी खिशात हात घातला तर प्लास्टिकमध्ये बांधलेला गुळाचा खडा. तो त्याच्या तोंडात दिला.

दहा-पंधरा मिनिटं आम्ही पाण्याच्या मध्ये तसेच तरंगत होतो. त्याचा चेहरा हळूहळू ओळखीचा झाला.

"शुगर," तो म्हणाला. "सुई घेतली सकाळी. तुझ्यासोबत लागलो अन् जेवाचं राहून गेलं."

त्याला शुगर आहे हे मला माहीत होतं. गोळ्यांवर आहे असं वाटत होतं. इन्शुलिन सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि ते त्याने मलाच काय, मालकालाही सांगितलं नव्हतं. मग एकेक निघत गेलं. घरून पहाटे निघायचा, संध्याकाळी परत जायचा, दुपारची सुई बोटीवरच घ्यावी लागायची. औषध उन्हात खराब होतं म्हणून माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवायचा. गेल्या हिवाळ्यात त्याला वाटलं, एवढी मोठी मशीन आहे, त्यात ठेवू.

"बर्फाच्या कप्प्यात ठेवलं?"

"हो. गोठलं ते. बाहेर काढलं तर पुन्हा पाण्यासारखं झालं. मले का माहीत? पाच दिवस तेच घेत राहिलो."

गोठलेलं इन्शुलिन निकामी होतं. दिसायला फरक पडत नाही. पाच दिवसांत त्याची शुगर चारशेच्या वर गेली, डोळ्यांपुढे धूसर झालं, आणि माणसांनी भरलेली बोट त्याने धक्क्यावर घासली. एक बाई पडली, तिचं कोपर सोललं. मालकाला त्याने सांगितलं की वारा जोरात होता.

म्हणून फ्रिज हवा होता. मालकाला ताकाचं आणि थंड पाण्याचं कारण दिलं होतं.

"काहून सांगितलं नाही तू मले?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू आला असता का?"

मी आलो असतो. पण त्याला चाक धरू दिलं असतं की नाही, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

घरी येऊन आंघोळ केली, तरी खाज जाईना. बायकोने मानेवर खोबरेल लावून दिलं. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"मग उद्या तुम्ही जाऊन फ्रिज बसवणार?"

"अर्धं काम झालंय. औषध तरी नीट राहील त्याचं."

"औषध नीट राहील हो. पण आज औषध खराब नव्हतं ना? आज तो जेवला नव्हता. फ्रिज काय त्याला जेवू घालणार आहे?"

मला राग आला. मी फार थकलोही होतो. मी म्हटलं, झोपू दे. तिने खोबरेलाची बाटली जागेवर ठेवली.

बुधवारी फ्रिज बसवला. जुनी पाण्याची नळी बंद केली, निचऱ्याचं भोक बुजवलं, बॅटरीपासून जाड वायर ओढून मध्ये फ्यूज टाकला. मागची हवा बाहेर जायला जाळी बसवली. दोन तास चालवून आत थर्मामीटर ठेवला, सहा अंश आले. मित्राला सांगितलं, औषध दाराच्या कप्प्यात ठेव, मागच्या भिंतीला टेकवू नकोस, तिथे गोठू शकतं. त्याने ते लहान मुलासारखं दोनदा म्हणून दाखवलं. मग खिशातून इन्शुलिनचं पेन काढून स्वतःच्या हाताने तिथे ठेवलं आणि दार लावून हात फिरवला.

"झकास झालं गा."

मी पेटी आवरत होतो. म्हटलं, "मालकाला सांग."

त्याने फ्रिजचं दार उघडून पुन्हा लावलं.

"डॉक्टरनं बरं म्हटलं की पुन्हा चालव. पण आता सांग. पोरं बसतात बोटीत."

"सांगतो," तो म्हणाला. "रविवारपर्यंत सांगतो. गर्दी होऊन जाऊ दे. घरी बसून काय करू मी? टीव्हीपुढे मरू?"

रविवारी संध्याकाळी मी फोन केला. मालकाला त्याने अजून सांगितलं नव्हतं. दिवसभरात सात फेऱ्या मारल्या होत्या, आणि जेवण वेळेवर घेतलं हे मला अभिमानाने सांगत होता. मी फोन ठेवला. बायको तांदूळ निवडत होती, तिने वर पाहिलं नाही. मालकाचा नंबर माझ्याजवळ होता. मी अंगणात गेलो, परत आत आलो, पाणी प्यायलो, आणि मग लावला.

मालकाने पूर्ण ऐकून घेतलं. त्या बाईच्या कोपराचं सांगितलं तेव्हा त्याचा श्वास ऐकू आला. एवढंच म्हणाला, "बरं केलं काकाजी सांगितलं. मी पाहतो."

दुसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला. मला वाटलं शिव्या देईल. तो फक्त म्हणाला, "तुले मीच बोलावलं होतं गा." आणि फोन बंद केला.

त्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मी तीन-चारदा फोन केला, त्याने उचलला नाही. त्याच्या बायकोकडून कळायचं. मालकाने त्याला काढलं नव्हतं. काठावर तिकिटं द्यायला आणि लोकांना लाइफ जॅकेट बांधून द्यायला ठेवलं होतं. चाकावर दुसरा माणूस आला. फ्रिजमध्ये ताकाच्या पिशव्या राहू लागल्या. मित्राचं औषध काठावरच्या चहाच्या टपरीतल्या फ्रिजमध्ये. मध्ये त्याच्या पायाला जखम झाली, ती भरायला दीड महिना लागला. माझी बायको म्हणाली, जाऊन या. मी म्हटलं, मला बघून तो उठून जाईल. जायची हिंमत नव्हती असं म्हणता आलं असतं, पण खरं म्हणजे ताकद नव्हती. एखाद्याची नाराजी समोर बसून सोसायलाही ताकद लागते.

दिवाळीनंतर गेलो. तो धक्क्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, वाळलेला, पायात मोठी चप्पल. मला पाहून उठला नाही, पण शेजारची खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली. आम्ही बसलो. बोट पाण्यात होती. तिने खांबाजवळ वळण घेतलं तसा तो पुटपुटला, "उशिरा वळवते हा. कितीदा सांगितलं." मग त्याने मला नव्या चालवणाऱ्याच्या चुका सांगितल्या, एकेक करून, तासभर. त्याच्या नातीची दहावी, माझ्या मुलीची बदली, टपरीवाल्याचा स्वभाव, यावरही बोललो. जे बोलायचं होतं ते त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही.

निघताना तो म्हणाला, "गुडघे कसे आहेत?"

"तसेच."

"येत जा," तो म्हणाला. पण पूर्वी म्हणायचा तसं नाही.

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. बसल्या बसल्या डोळा लागला, आणि कंडक्टरने खांदा हलवून उठवलं तेव्हा माझा थांबा दोन स्टॉप मागे पडला होता. मी उतरलो. रिक्षावाले ओरडत होते. मी कुणालाच हात केला नाही. थोडा वेळ तिथल्या ओट्यावर बसून राहिलो, मग घराकडे चालायला लागलो.