सुजातावहिनींच्या परसातली दोन झाडं

सुजातावहिनींच्या दारात पोलीस आले ते माझ्या अर्जामुळे.

वर्षभर हे मी कुणाशी धड बोललो नाही. आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. वकील म्हणाले, केस चालू आहे, पोस्ट टाकू नका.

टाकतोय.

वहिनी म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र सिद्धार्थ, त्याची बायको. बावीस वर्षं आमच्या गावच्या अंगणवाडीत. गावातली निम्मी तरणी पोरं त्यांनी वजनकाट्यावर बसवलेली, माझी दोन्ही धरून.

पोटाचा कॅन्सर निघाला. पुण्याला केमो. येताना वाटेतलं पेठ गाव यायच्या आत दोनदा गाडी थांबवायला लागायची, उलटीसाठी. घरी आल्यावर पाणीसुद्धा पोटात ठरायचं नाही.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात कुणीतरी सिद्धार्थला सांगितलं, गांजाने उलटी थांबते, भूक लागते. त्यानं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काही देशांत देतात, मला लिहून देता येत नाही.

मग त्यानं परसात झेंडूच्या मागं दोन झाडं लावली. बी कुठून आणलं, मी विचारलं नाही.

काही महिन्यांनी गेलो तर वहिनी जेवत बसलेल्या.

"भाऊजी, आज अर्धी भाकर खाल्ली. पोटात ऱ्हायली बी!"

अर्ध्या भाकरीचा एवढा आनंद मी आयुष्यात पाहिला नाही.

तेव्हा मी तंटामुक्तीचा अध्यक्ष. बायपासच्या टपरीमागं दिवसाढवळ्या गांजा चालायचा. माझ्या सख्ख्या पुतण्याचं कॉलेज त्यात सुटलं, आईवर हात उचलण्यापर्यंत मजल गेली. म्हणून पोलिसांना निवेदन दिलं.

"गावात जिथे कुठे गांजा आढळेल तिथे कडक कारवाई व्हावी."

वाक्य माझंच. लिहिताना लई भारी वाटलं होतं.

वहिनींची झाडं मला माहीत होती. पण खरं सांगतो, तोही गांजाच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गांजा म्हणजे टपरीमागचा. हे आमच्या वहिनींचं औषध.

पोलीस आले तेव्हा टपरीमागं चिटपाखरू नव्हतं. गाडी माघारी वळत होती, तेवढ्यात कुणीतरी सिद्धार्थच्या परसाकडे बोट दाखवलं.

साहेब मला म्हणाले, "अर्ज तुमचाच ना? मग पंच म्हणून तुम्हीच थांबा."

मी म्हणालो, "साहेब, बाई आजारी आहे."

"दिसतंय हो मला. पण झाडं समोर दिसल्यावर मी काय करू, तुम्हीच सांगा."

त्यांनाही ते आवडत नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

सिद्धार्थ म्हणाला, "कर सही. तू नाय केलीस तर दुसरा कुनी करील."

वहिनी चौकटीला धरून उभ्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, च्या टाकू का?"

मी सही केली.

सिद्धार्थला घेऊन गेले. माझी बायको वहिनींना रोज डबा न्यायची. वहिनी तोंडात घास घ्यायच्या आणि दोन मिनिटांत सगळं बाहेर.

एकदा हळूच विचारलं, "भाऊजी, समदंच नेलं का वं त्यांनी?"

त्या दुपारी मी टपरीमागं गेलो. हो, मीच. तंटामुक्ती अध्यक्ष.

तिथला एक जण हसला. "अध्यक्ष, लागंल तेवढं देतो. फक्त आमची नावं अर्जात टाकू नका." पुडी पुढं केली.

माझा हात पुढं झाला नाही. घाबरलो. रिकाम्या हातानं परत आलो आणि वहिनींना म्हणालो, मिळत नाही कुठं.

माझं खोटं त्यांच्या लक्षात आलं असणार.

जामिनाला सत्तावीस दिवस लागले. वहिनी एकविसाव्या दिवशी गेल्या.

कोर्टाच्या परवानगीनं सिद्धार्थला तीन तास आणलं. दोन पोलिसांच्या मधे उभं राहून त्यानं पंचशील म्हटलं. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. तेही त्यानं खणखणीत म्हटलं. वहिनी मला कधी नशेत दिसल्याच नाहीत. दिसल्या त्या जेवताना.

आमच्या दहावीच्या ग्रुपवर आता लीगल करावं का यावर रोज भांडण. एक जण कॅनडात, तो म्हणतो इथे सरळ दुकानात मिळतं, काय बिघडलं? दुसरा ओझरला राहतो, तो म्हणतो तुझं तिथलं ठेव तिथं, इथं घरंच्या घरं बसतील. मला दोघांचंही पटतं. पुतण्याकडे बघितलं की एक पटतं, वहिनींचा फोटो बघितला की दुसरं. मी काही टाईप करतो आणि डिलीट करतो.

मागच्या आठवड्यात समन्स आलं. पंच म्हणून साक्ष द्यायची आहे.

सिद्धार्थला विचारलं, काय बोलू? मोटार रिवाइंडिंग करत होता. वर न बघता म्हणाला, "सही तुजीच हाय ना? मंग व्हय म्हन. खोटं नको बोलू माझ्यापायी."

मी होच म्हणणार. झाडं होती. दोन होती. माझ्यासमोर उपटली.

त्या झाडांमुळे वहिनी जेवत होत्या, हे मला तिथं कुणी विचारणार नाही. आणि न विचारलेलं पंचाला बोलता येत नाही.

म्हणून इथं लिहून ठेवलं.

सुजातावहिनी, अखेरचा जयभीम.