हातातूनच घ्यावं लागंल

शाईच्या दौतीचं झाकण उघडलं, की त्या वासासरशी मला नौबादच्या माळावरची ख्रिस्ती जत्रा आठवते आणि डोकं तापतं. निजामाचा अंमल होता. वेशीबाहेरच्या वस्तीत वाढलेला मी, स्वतः रचलेल्या गीतांचं पुस्तक पदरमोड करून छापलं होतं आणि चिंचेखाली बसून सही करून विकत होतो. फुफाटा उडत होता, पुस्तकाची पानं धुळीनं किरकिरत होती. तेवढ्यात एक कापडाचा व्यापारी बायकोला घेऊन आला. त्यांचं तान्हं लेकरू गेलं होतं. पुस्तकातलं अंगाईगीत तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि तिला ते हवं होतं. मी सही करून पुस्तक पुढं केलं, तसा तो मागं सरकला. "खाली ठिव रे. मी उचलतो." "कामून? पुस्तकाला काटे हायत व्हय?" "दुप्पट देतो, पर खाली ठिव." घासाघीस करून वर आलेला मी, दुप्पट भाव तोवर कधी सोडला नव्हता. "चौपट दिलास तरी हातातूनच घ्यावं लागंल!" मी ओरडलो. माणसं जमली. तेव्हा ती बाईच पुढं आली आणि तिनं दोन्ही हात माझ्यापुढं धरले. "द्या, अण्णा." तिनं पुस्तक घेतलं. "शिवलीस त्येला? आता न्हाल्याबिगर घरात पाऊल टाकू नको," नवरा गरजला. ती ओल्या सहीवर फुंकर घालत चालू लागली. त्या बाईसाठी मी आजही प्रार्थना करतो. त्याला क्षमा कर म्हणायची पाळी आली, की मात्र माझे दात आपोआप आवळले जातात.