फोरमनची मागची सीट

गाडीत बसताना चपला बाहेर काढून ठेवणारा मेकॅनिक मी आयुष्यात एकच पाहिला. सगळे त्यांना फोरमन म्हणायचे. नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात गिअर कापायच्या खात्यात ते फोरमन होते. कारखाना बंद पडला, हुद्दा तेवढा राहिला. मग त्यांनी एमआयडीसीच्या कडेला पत्र्याची शेड टाकली आणि ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स दुरुस्त करायला सुरुवात केली. गिऱ्हाईक तक्रार सांगू लागलं की म्हणायचे, "तुमी नका सांगू. गाडी सांगंल." मग अनवाणी मागच्या सीटवर बसायचे, तळवे खाली टेकवायचे, डोळे मिटायचे आणि मालकाला नेवाशाच्या रस्त्याला गाडी घ्यायला लावायचे. गिअर बदलताना बसणारा बारीकसा हिसका त्यांना पायातून कळायचा.

माझा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने अधू आहे. क्लच दाबणं जमत नाही, म्हणून जुनीपानी का होईना, ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. नगरहून नेवाशाच्या शाळेत शिकवायला मी तिच्यातूनच जायचे. लोक माझ्या पायाकडे बघत नाहीत. न बघण्याचा फार प्रयत्न करतात. फोरमननी सरळ बघितलं. पहिल्या दिवशी चक्कर मारून आल्यावर म्हणाले, "बाकीचे सवयीनं डावा पाय उचलतात आन् क्लच समजून ब्रेकवर हाणतात. तुमचा पाय मधी कडमडत न्हाई. या गाडीला तुमच्यावाणी ड्रायव्हर न्हाई." माझ्या पायाचं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी एकटीच हसत होते.

नम्रपणा मात्र त्यांनी अंगाला लागू दिला नव्हता. "माझ्यासारखा बॉक्स उघडणारा नगरात दुसरा दाखवा," हे वाक्य ते चहाइतक्या नेमाने घ्यायचे. गाडी पुरती थांबण्याआधी कुणी रिव्हर्स टाकला की खेकसायचे, "चालत्या बैलाचं तोंड मागं फिरवता का?" शेडमागच्या खोलीत त्यांचं बिऱ्हाड होतं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "गिऱ्हाईकावर वरडू नका, मानसं हायेत ती." फोरमन गप्प बसायचे, घोटभर.

मग एकदा नेवासा फाट्याजवळ माझी गाडी बंद पडली. भावाने ओळखीच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणला, दोर बांधला आणि आमच्याकडे कुठलंही वाहन ओढतात तशी ती थेट नागापूरपर्यंत ओढत आणली. इंजिन बंद असताना ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही, चाकं मात्र त्याला आतून कोरडं फिरवत राहतात, हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. फोरमन दारात आले, दोर बघितला आणि मटकन खाली बसले. भावाला म्हणाले, "मेलेल्याला सुदिक खांदा देत्यात. तुमी जितं मानूस फरफटत आनलं." भाऊ बिचारा वरमला. मदतीलाच तर धावला होता.

बॉक्स आतून जळला होता. घरात संध्याकाळपर्यंत ठरून गेलं की गाडी भंगारात काढायची आणि मी नोकरी सोडायची. "कशाला ती दगदग," असं आमच्याकडे प्रेमाने म्हणतात आणि माणसाला घरात बसवतात. एसटीच्या पायऱ्या मला चढवत नव्हत्या. गाडी गेली की शाळा गेली, हे सगळ्यांना कळत होतं आणि त्याचं कुणाला फारसं वाटत नव्हतं. मी फोरमनना विचारलं, "होईल का?" ते म्हणाले, "तुमी शाळा सोडू नका. बाकीचं माज्याकडं लागलं."

काकूंनी राहती खोली रिकामी करून दिली. फरशी धुतली, भांडीकुंडी पत्र्याखाली आली आणि खोलीत माझा गिअरबॉक्स राहायला गेला. त्याच्या आतल्या तेलाच्या वाटा इतक्या बारीक असतात की चिंधीचा धागा अडकला तरी काम बिघडतं, म्हणून खोलीत फडकं न्यायला बंदी. वारा सुटला की खिडकी बंद आणि कामही बंद. नगरचा वारा काही कमी नाही, त्यामुळे दिवस लागले. मी मिळेल त्या रिक्षाने, कुणाच्या तरी मोटारीने शाळा गाठत राहिले. शेवटी गाडी हातात आली आणि गिअर कधी बदलला तेच कळेना. मला रस्त्यातच रडू फुटलं. मागच्या सीटवरून फोरमन म्हणाले, "रडा, पन आक्सिलेटर सोडू नका."

पुढे त्यांच्या हाताला कंप सुटला. थरथरत्या हाताने बॉक्स उघडायचा नाही, असं म्हणून त्यांनी स्वतःच शेड बंद केली आणि दोघं शेवगावला मुलाकडे गेले. अधूनमधून फोन यायचा. माझी चौकशी उरकून लगेच गाडीची. या उन्हाळ्यात ते गेले, आणि मला निरोप पोचला तेव्हा दिवसकार्यही होऊन गेलं होतं. मला त्यांची फार आठवण येते. नागापूरवरून जाताना उगाचच गाडीचा वेग कमी होतो.

निरोप कळल्यावर मी एकटीच गाडी घेऊन शेवगावला गेले. काकू दारातच बसल्या होत्या. बोलण्यासारखं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "ताई, मला एक चक्कर आना. इतक्या गाड्या नीट केल्या, पन लोकाची गाडी म्हनून मला कधी बसवलं न्हाई."

त्या माझ्या शेजारी बसल्या. गाव संपल्यावर म्हणाल्या, "त्यास्नी काय कळायचं वं गाडीत? मलाबी दाखवा."

मी वेग वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. हिसका नाही, आवाज नाही. दाखवावं असं फोरमननी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. मी काकूंना तसं सांगितलं.

समोरच्या काचेतून बघत त्या म्हणाल्या, "मंग अशीच जाऊ द्या थोडी."

शेवगाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना उसाची रानं लागली. मी गाडी वळवली नाही.