चिकलठाण्याची थंडी आणि माझा सुरा

फुलंब्रीहून एसटी धरली तेव्हा मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला सुरा होता. ट्रकच्या कमानपाट्याचा, मी स्वतः ठोकलेला. करीम खाटीक माझं शेवटचं गिऱ्हाईक. तो म्हणाला, "बाबा, शहरातले सुरे बर्फाहून गार हौदात, थंडीत घालून काढतात. धार लई टिकती. तुमचा तसा करून आणा, नाय तर मी तिकडचा घेतो." करीम गेला की माझा भाता बंद.

चिकलठाण्याला उतरलो तर डांबर पाघळलेलं. सुऱ्यांना थंडी देणारी शेड शोधताना दोनदा चुकलो, पण विचारलं कोणाला नाही. आत लोखंडी हौद होता. त्याच्या झाकणातून पांढरी वाफ निघून जमिनीवर सरपटत होती. वर जाईना. तिथला कामगार सलीम ओरडला, "मामा, हात नका लावू! कातडं इथंच राहील."

त्यानं सुऱ्यावर कानस फिरवली. कानस न चावता घसरली, इतकं पातं कडक.

"पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून बुडवल्यावर, परत मंद आचेवर ताव दिला का?"

"नाय. ताव दिला की मऊ पडतो. तुमच्यापुढं मऊ पातं आणू व्हय?"

"मग थंडीत तडकंल. आमच्या भट्टीत ताव देतो आधी."

"माझ्या पात्याला दुसऱ्याची भट्टी नाय. बापानं दावली नाय, मी दावणार नाय."

"सुऱ्यापेक्षा तुम्हीच कडक आहात, मामा," तो हसला. "मोडला तर मला बोलायचं नाय."

हौद सावकाश गार होतो, उद्या या म्हणाला. मुकुंदवाडीला भाचीकडं मुक्काम केला. तिनं भाकरी अन् शेपूची भाजी वाढली.

सकाळी शेडवर सलीमनं फडकं उघडलं. सुऱ्याचे मधोमध दोन तुकडे.

"मामा, चहा घ्या."

"नको," म्हणालो अन् तुकडे गोणपाटात बांधले.

फुलंब्रीत उतरून सरळ करीमच्या दुकानी गेलो. तुकडे ओट्यावर ठेवले.

"थंडीनं मोडला?"

"थंडीला काय बोल लावतो? मी ताव दिला नव्हता."

करीमनं मान खाली घातली. शहरातला सुरा त्यानं आधीच मागवला होता. तो पुढं करून हळूच म्हणाला, "बाबा, धार तेवढी तुमच्याच हातची पाहिजे."

सहाणेपुढं बसलो अन् धार लावून दिली. त्या पात्याला पाणी चांगलं दिलं होतं. घरी येऊन भात्याचं तोंड गोणपाटानं बांधलं.