वच्छलाबाईनं मागितलेला आरसा

हर्सूलच्या नाक्यावर सकाळी बाया जमल्या की वच्छलाबाई आधी त्यांच्या चपला बघायची. तुटक्या चपलेनं बाई गाडीत चढताना पडते, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. खुरपणीला, आद्रक काढायला बाया नेणारी ती मुकादमीण. नवरा गेल्यापासून याच कामावर तिनं घर चालवलं. जीभ फटकळ, वागणं सरळ, आणि मिश्रीच्या डबीशिवाय तिचा दिवस उगवत नसे.

फुलंब्रीकडच्या शेतांवर जायला विश्वजीतचा पिकअप ठरलेला. लहानपणी तिच्याच चुलीपाशी बसून भाकर खाल्लेलं हे पोरगं, म्हणून हे काम तिनंच त्याला लावून दिलं होतं. पण बाया बसल्या की गाडी मागून टेकायची आणि प्रत्येक खड्ड्यात कंबरडं मोडायचं. त्यात एकदा टोळीतली मंजुषा अर्धी उतरली असतानाच त्यानं गाडी काढली आणि ती तोंडावर आपटली. तेव्हा वच्छलाबाईनंच त्याला खडसावलं होतं, की मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे नीट करून घे आणि एक मोठा आरसा बसव, बाई खाली उतरली का नाही ते तुला दिसू दे.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. विश्वजीतनं तीन आरसे बसवले. दोन बाहेर, हातभर लांब दांड्यांवर. तिसरा आत, चांगला लांबरुंद, मागच्या काचेतून बाया बसतात तो अख्खा हौदा दिसेल असा. नवाब मिस्त्रीकडून मागच्या चाकांवर जादा पाटे चढवून, भरली तरी पुढून-मागून सारखी राहील अशी गाडी करून आणली. वच्छलाबाईनं कौतुकानं नारळ फोडला आणि आरशालाही कुंकू लावलं.

पाट्यांचं इंगित लवकरच कळलं. गाडी आता टेकत नव्हती, म्हणून हा गडी आणखी बाया कोंबायला लागला. खच्चून भरलेली असली तरी लांबून सरळ दिसणारी गाडी पोलीस अडवत नव्हते. आणि पाटे एवढे ताठ की खड्डा थेट मणक्यात जायचा. तिनं तक्रार केली तर म्हणाला, तुम्हीच सांगितलं होतं ना मावशी. बायांच्या हाडांची सोय मागितली आणि ह्या बहाद्दरानं पोत्यांची सोय केली. वच्छलाबाई चडफडली, पण रोजचं काम होतं, राग गिळून बसली.

आरशाचं कळायला मात्र उशीर लागला. सायली तिच्या शेजारची पोर. बारावी झालेली, नर्सिंगला जायचं म्हणून सुट्टीत कामाला येणारी. विश्वजीत तिला केबिनच्या काचेमागंच बसवायचा, तिथं हिसके कमी लागतात म्हणायचा. पोरगं काळजी घेतंय, असं वच्छलाबाईला वाटायचं. पण सायली हळूहळू ओढणी लपेटून बसायला लागली, मग मान खाली घालून, आणि एका संध्याकाळी म्हणाली की उद्यापासून मी येत नाही. खोदून विचारल्यावर ती बोलली.

"मावशी, उद्या माझ्या जागंवर बसा अन् काचंतून आत बघा. घरी सांगू नका फक्त. अण्णा म्हणतील, बस घरात. लगीनच लावून देतील."

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईनं सायलीला समजावून आणलं, हौद्यात पार मागं बसवलं आणि स्वतः तिच्या जागी बसली. सावंगीच्या पुढं रस्ता मोकळा झाला तसा विश्वजीतचा हात वर गेला, आरसा जरा खाली झुकला आणि त्यात त्याचे डोळे आले. गुटख्याचा तोबरा भरलेलं तोंड हसत होतं. डोळे शोधत शोधत तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर येऊन अडकले. तिला वाटलं, आता तरी लाजेल. त्यानं आरसा बोटानं थोडा सरकवला आणि शेजारच्या मंजुषावर नेला.

वच्छलाबाईला शिसारी आली. ह्या तोंडात आपण भाकर घातली, ह्या आरशाला आपण कुंकू लावलं, याची तिला त्याच्याइतकीच स्वतःचीही किळस वाटली. तिनं डबी उघडली, चिमूटभर मिश्री तळहातावर घेतली, तिच्यावर थुंकली, आणि तो काळा चिखल मागच्या काचेवर या कडेपासून त्या कडेपर्यंत फासला. मंजुषानं क्षणभर बघितलं आणि स्वतःची डबी काढली. मग काच पुरेनाशी झाली.

गाडी कचकन थांबली. विश्वजीत खाली उतरून मागं आला.

"मावशी, काच घाण केली की सगळी."

"घाण आतून हाय," ती म्हणाली. "म्या बाहेरून झाकली नुसती."

मग तिनं बायांना उतरायला सांगितलं. शेत अजून लांब होतं, शेतमालक बद्रीनाथ पाटील उशिराबद्दल बोल लावणार हे ठरलेलंच. तरी ती हौद्याशी उभी राहिली, एकेकीला हात दिला आणि तिचे दोन्ही पाय जमिनीला लागल्याशिवाय तो सोडला नाही. रिकामा पिकअप मागून वर उचललेला, जादा पाट्यांवर टणाटणा उडत निघून गेला. बायांनी पदर खोचले. सायली सगळ्यांच्या पुढं चालत होती, ओढणी नुसती खांद्यावर टाकून.