सवत गेली दुसऱ्या लग्नाला

तोंगशी बंदराच्या आसपास कुठेही लग्न ठरलं की आधी आचारी ठरतो आणि मग आ-फा. त्याचं पूर्ण नाव थू चिन-फा, पण ते फक्त विजेच्या बिलावर वाचायला मिळतं. छोट्या निळ्या ट्रकमध्ये चार मोठे स्पीकर, त्यांना ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर, लॅपटॉप आणि दिव्यांच्या माळा भरून तो गावोगाव जातो. रस्त्यावर मांडव पडतो, गोल टेबलांवर लाल कापडं चढतात. नवरी आत येताना कुठलं गाणं लावायचं, माशाचं ताट आल्यावर कुठलं, आणि दारू चढलेल्या मामाच्या हातून माईक त्याला न दुखवता कसा काढून घ्यायचा, हे सगळं आ-फा बघतो.

ट्रकच्या मागच्या कोपऱ्यात आणखी एक संच असतो. पोटातच अ‍ॅम्प असलेले दोन जुने स्पीकर, एक लहान मिक्सर, वायरवाले दोन माईक आणि केबलचं एक भेंडोळं. मोठा संच बंद पडलाच, तर हाताशी असावा म्हणून. तो आजवर कधी लागला नव्हता. तरी प्रत्येक लग्नाला तो चढवायचा, उतरवायचा, खारा वारा लागला म्हणून पुसायचा आणि घरी आणून पांघरूण घालून ठेवायचा, हा आ-फाचा नेम. पंचक्रोशीत त्याची ओळखच 'दोन संचवाला' अशी होती, आणि त्याला ती मनातून फार आवडायची.

त्याची बायको शिऊ-खिम त्या जुन्या संचाला सवत म्हणायची. "माझ्या अंगावर एक रजई आणि सवतीच्या अंगावर दोन," असं ती कालवं फोडायला बसलेल्या बायकांना सांगायची. "मला वर्षातून एका लग्नाला नेत नाही, तिचं मात्र एकही लग्न चुकत नाही."

ही सवय आ-फाला बापाकडून लागली होती. बाप कालवांच्या शेतीवर तराफा घेऊन जायचा. एकदा ओहोटीच्या वेळी इंजिन बंद पडलं आणि पाण्याने त्याला बाहेर ओढून नेलं. दुसऱ्या दिवशी तो सापडला, ओठ मिठाने फुटलेले. त्यानंतर त्याने एक जुनं इंजिन तराफ्यावर कायमचं बांधून टाकलं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी दारावर, तांदळाच्या डब्यावर लाल कागद चिकटवतात, तसा एक कागद तो त्या इंजिनावरही चिकटवायचा आणि त्याचे आभार मानायचा. कशाबद्दल, असं लहानपणी आ-फाने विचारलं होतं. बाप म्हणाला होता, काही करावं लागलं नाही त्याबद्दल. आता आ-फा सवतीवर लाल कागद चिकटवतो.

त्या वर्षी शेवटच्या चांद्रमहिन्यात पंचांगाने लग्नाचा असा एकच दिवस दिला की त्याच्या आगेमागे काही नाही. साहजिकच सगळा जिल्हा त्याच दिवशी लग्नाला उभा राहिला. आ-फाला गावप्रमुख ओंग यांनी वर्षभर आधीच सांगून ठेवलं होतं. मुलाचं लग्न, सत्तर टेबलं, आणि वरून एक वाक्य: "दोन्ही संच आणशील. माझ्याकडे फजिती नको." आ-फाने मान हलवली होती. ते सांगायलाही नको होतं.

लग्नाला आठवडा उरलेला असताना लोआन त्याच्या दाराशी आली. लोआन मूळची व्हिएतनामची. लग्न होऊन तोंगशीत आली तेव्हा तिला इथला एक शब्द येत नव्हता. आता बाजारात तिच्याशी भाव करायला लोक घाबरतात. तिच्या हातात सोललेल्या कालवांची पिशवी होती. ती दारातच थांबली, कारण तिच्या घरात सुतक होतं. तिची सासू हिवाळ्याच्या तोंडाला गेली होती. इथल्या रीतीप्रमाणे मुलाचं लग्न आता शंभर दिवसांच्या आत लागलं तर लागलं, नाहीतर पुढे वर्षभर तरी थांबायचं. आणि थांबण्यासारखी परिस्थिती नव्हती. होणारी सून उन्हाळ्यात आई व्हायची होती. तेव्हा तोच दिवस, दुपारची वेळ, बंदराच्या देवळासमोर आठ टेबलं. सगळ्या डीजेंना विचारून झालं होतं. कुणीच रिकामं नव्हतं.

"दादा, सवतीला एक दिवस आमच्याकडे पाठवता का?" लोआनने विचारलं.

आ-फा म्हणाला की तो संच भाड्याचा नाही. मग त्याला वाटलं, हे फार तुटक झालं, म्हणून त्याने ओंगकाकांना दिलेला शब्द सांगितला, सत्तर टेबलं सांगितली, खाऱ्या वाऱ्यात यंत्रांचा काही भरवसा नसतो हेही सांगितलं. लोआनने सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "माझे आईवडील येताहेत म्हणून विचारलं. मी इथे आल्यापासून पहिल्यांदाच येताहेत. सुतकातलं लग्न, आठ टेबलं, त्यात आवाज नाही, गाणं नाही. त्यांना वाटेल, आपल्या लेकीच्या घरचं लग्न चोरून लावताहेत."

पिशवी उंबऱ्यावर ठेवून ती गेली. आ-फाने हाक मारून ती परत द्यायचा प्रयत्न केला, पण तिची स्कूटर तोवर वळली होती.

रात्रीच्या जेवणात त्याच कालवांचं ऑम्लेट होतं. शिऊ-खिमने ताटली त्याच्यापुढे आपटूनच ठेवली, आणि हे तिच्या बाबतीत वादळाचं लक्षण असतं. आ-फानेच विषय काढला. बाप कसा समुद्रात वाहून गेला होता आणि म्हणून हाताशी दुसरं काही असणं कसं गरजेचं आहे, हे त्याने तिला शंभराव्यांदा सांगितलं.

"आणि तुझा बाप परत आला तो कुणामुळे?" तिने विचारलं. "त्या दुसऱ्या इंजिनामुळे?"

"ते तेव्हा कुठे होतं? लोक तराफे घेऊन शोधायला गेले."

"मग ते लोक घरी बसले असते, आमचं डिझेल उद्याला लागेल म्हणून, तर?"

आ-फाने ऑम्लेट संपवलं. मग म्हणाला, संच चालवणार कोण? तो तर ओंगकाकांच्या मांडवात अडकलेला. शिऊ-खिम म्हणाली, एवढी वर्षं सवतीबरोबर एका छपराखाली काढली आहेत, कुठलं बटण कुठे आहे ते तिला झोपेतही सांगता येईल.

असं ते ठरलं. राहिलं एकच काम, ओंगकाकांना सांगायचं. दिलेल्या शब्दातला अर्धा शब्द आपण दुसरीकडे देतोय, हे त्यांच्या तोंडावर सांगायला हवं, एवढं आ-फाला कळत होतं. तो गेलाही. पहिल्यांदा त्यांच्या अंगणात मांडवाचे बांबू उतरत होते, तर तो बांबूंबद्दल बोलून आला. पुन्हा गेला तेव्हा वाऱ्याबद्दल बोलला. तिसऱ्या खेपेला काकांनी स्वतःच चहा ओतला आणि "काही म्हणायचंय का?" असं विचारलं. आ-फा म्हणाला, थंडी यंदा जरा जास्तच आहे.

लग्नाच्या सकाळी त्याने सवतीला चुलतभावाच्या गाडीत चढवलं आणि शिऊ-खिमला शेवटच्या सूचना दिल्या. आवाज हळूहळू वाढव. माईक स्पीकरच्या तोंडासमोर धरू देऊ नकोस, शिट्टी वाजेल. ती म्हणाली, सवतीला कसं वागवायचं ते नवऱ्याने शिकवू नये. मग तो निळा ट्रक घेऊन निघाला. मागचा कोपरा रिकामा होता आणि वळणावर गाडी नेहमीपेक्षा हलकी लागत होती. ते हलकेपण त्याला जराही आवडलं नाही.

ओंगकाकांचा मांडव देवळापासून दोन-तीन वळणांवर, मोठ्या रस्त्यावर होता. फटाके वाजले, नवरी आली, दिवे फिरले, थंड पदार्थांचं ताट आलं. सगळं जागच्या जागी. खेकडा घातलेला चिकट भात टेबलांवर पोचत होता. माईक आता नवरीच्या वडिलांच्या हातात जायचा होता, आणि त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढलाही होता. तेवढ्यात अ‍ॅम्प्लिफायरवरचा हिरवा दिवा लाल झाला. पंख्याने एक घरघर केली आणि तो थांबला. चारही स्पीकर मुके झाले.

आ-फाने वीज बंद करून पुन्हा चालू केली. केबल बदलली, फ्यूज बदलला. झाकणाच्या फटीतून जळका वास आला तेव्हा त्याला समजलं की हे आज सुधारण्यातलं नाही. अ‍ॅम्पशिवाय ते चार स्पीकर म्हणजे नुसती लाकडी कपाटं. गाणी तपासायला ठेवलेला वीतभर स्पीकर त्याच्याकडे होता, तो दोन टेबलांपलीकडे पोचला नसता. खिशात फोन होता. शिऊ-खिमला एक हाक मारली असती तर सवत थोड्या वेळात इथे आली असती. त्याने फोन बाहेरसुद्धा काढला. पण मग त्याच्या डोळ्यांसमोर लोआनचे आईवडील आले, ज्यांना त्याने कधी पाहिलंही नव्हतं, आणि त्यांच्यासमोर गाणं अर्ध्यात थांबवून वायरी गुंडाळणारी आपली बायको. त्याने फोन खिशात ठेवला आणि तो सत्तर टेबलांच्या मधून ओंगकाकांकडे चालत गेला. प्रत्येक टेबलावरून कुणीतरी विचारत होतं, काय झालं रे, दुसरा लाव ना.

"काका, अ‍ॅम्प गेला," तो म्हणाला. "आणि दुसरा संच मी आणलेला नाही. लोआनच्या मुलाच्या लग्नाला दिलाय. तुम्हाला सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही."

ओंगकाका उंच, जाड भुवयांचे. त्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"तीन वेळा दारात आलास," ते म्हणाले, "आणि बांबू, वारा आणि थंडी सांगून गेलास. मला वाटलं, चौथ्यांदा येऊन मासळीचे भाव सांगशील."

"तुम्हाला आधीच ठाऊक होतं?" आ-फाने विचारलं.

"लोआन तुझ्याकडे यायच्या आधीच माझ्याकडे आली होती. 'ते माझ्यासाठी तुमचा शब्द मोडायला तयार होणार नाहीत, म्हणून आधी तुम्हालाच विचारते,' म्हणाली. मी म्हटलं, जा, माग त्याच्याकडे, माझी हरकत नाही, फक्त माझं नाव काढू नकोस, द्यायचा तर त्याने आपल्या मनाने द्यावा. तिच्या सासूने माझ्या आईबरोबर आयुष्यभर कालवं फोडली. आता सांग, तू सांगितलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं?"

एवढे दिवस छातीवर घेऊन फिरलेलं ओझं दुसऱ्या माणसाने कधीच उतरवून ठेवलं होतं, आणि त्याला पत्ता नव्हता. आ-फा आभार मानायला लागला, पण काकांनी हात झटकला. आधी लग्न, म्हणाले. नवरीचा बाप कागद धरून उभा आहे, त्याचं काय करायचं ते सांग.

वाऱ्याविरुद्ध माणसाचा आवाज कितीसा जाणार? मागच्या तीस टेबलांना ओठ हललेलेच दिसले असते. पण त्या मागच्या टेबलांवर बसले होते कोण, तर सगळे तराफेवाले. पाण्यावर इंजिनांच्या गोंगाटात ही माणसं एका तराफ्यावरून दुसऱ्यावर निरोप पोचवतात, तोंडाभोवती हात धरून, एकाने ऐकायचं आणि पुढच्याला ओरडायचं. आ-फा त्याच घरातला. त्याने प्रत्येक रांगेच्या मध्यावरच्या एकेका माणसाला उभं केलं. कुणाला समजवावं लागलं नाही. नवरीचे वडील एक वाक्य वाचायचे. पहिला तराफेवाला ते उचलायचा, दुसरा पुढे न्यायचा आणि शेवटच्या टेबलापर्यंत ते वाक्य जाऊन पोचायचं. तिथून उलट आरोळी यायची, पोचलं.

"माझी मुलगी लहानपणी फार रडायची," वडिलांनी वाचलं. वाक्य रांगेरांगेने समुद्राच्या दिशेने गेलं.

"पोचलं," मागून आलं. "अजून रडते का ते विचारा."

सत्तर टेबलं हसली. नवरीही हसली, आणि मग खरंच रडली. भाड्याने आणलेली गायिका चमचमत्या कपड्यांत आधी फुगून बसली होती. तिने नंतर टेबलाटेबलाशी जाऊन नुसत्या गळ्याने गाणी म्हटली आणि नेहमीपेक्षा जास्त बक्षिसाची लाल पाकिटं मिळवली. आचारी तेवढा कुरकुरत राहिला, की या आरडाओरड्यात त्याच्या माशाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

पाहुणे उठले तेव्हा आ-फा मुकी कपाटं ट्रकमध्ये चढवायला लागला. चार तराफेवाले न सांगता मदतीला आले. ओंगकाकांनी उरलेल्या पदार्थांच्या एकत्र शिजवलेल्या रश्शाची मोठी बादली ट्रकमध्ये ठेवायला लावली आणि ती लोआनकडे पोचव म्हणून सांगितलं. मजुरीचा लाल लिफाफा आ-फा घेईना. अर्धंच काम झालं, म्हणाला. काकांनी तो त्याच्या खिशात कोंबला आणि म्हणाले, पुढच्या लग्नाला अ‍ॅम्प लागेल, की तेव्हाही ओरडायला लावणार आहेस आम्हाला?

देवळासमोर अजून गाणं चालू होतं. आ-फाने ट्रक लांबच थांबवला आणि आधी कानांनी संच तपासला, सवयीने. आवाज स्वच्छ होता. खालचे सूर जरासे जास्त, पण वाईट नाही. लोआनच्या सासूचा फोटो देवळाच्या पायरीवर स्वच्छ टेबलावर ठेवला होता, पुढे उदबत्ती. आणि माईकशी एक ठेंगणी म्हातारी उभी होती, डोळे मिटून, मेकाँगकाठचं कसलंसं गाणं म्हणत. शब्द कुणालाच कळत नव्हते. लोआन तिच्याशेजारी उभी राहून एकेक ओळ झाल्यावर अर्थ सांगायला जायची आणि तिला ते जमायचं नाही. शेवटी तिने तो नादच सोडला आणि आईचा हात धरून नुसती उभी राहिली.

शिऊ-खिम मिक्सरमागे बसली होती, कानाला एक हेडफोन, बोट बटणावर. आ-फा तिच्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला की आता तो बघतो, तिने जेवून घ्यावं.

"हात लावू नकोस," ती मान न वळवता म्हणाली. "आमचं दोघींचं बरं चाललंय."

तेवढ्यात लोआनच्या वडिलांनी त्याला पाहिलं. त्यांना इथली भाषा येत नव्हती आणि आ-फाला त्यांची. निळा ट्रक, त्यातले स्पीकर आणि मिक्सरमागची बाई, यावरून त्यांनी हिशेब लावला असावा. त्यांनी दोन्ही हातांनी आ-फाचा हात धरला, बराच वेळ सोडला नाही, आणि मग शेजारची खुर्ची ओढून दिली. बादली ट्रकमधून उतरली आणि लोआनने येऊन तिच्यातल्या रश्शाची वाटी आणि चॉपस्टिक्स समोर ठेवल्या.

आ-फा बसला. लग्नात सबंध मांडवाकडे तोंड करून तो नेहमी उभा असायचा. या बाजूने, टेबलाशी बसून, आपल्याच स्पीकरमधून येणारं गाणं त्याने कधी ऐकलं नव्हतं. रस्सा गरम होता. म्हातारीने पुढचं कडवं उचललं, शिऊ-खिमने आवाज किंचित वाढवला, अगदी हळूहळू, त्याने सांगितलं होतं तसा, आणि आ-फाने मान खाली घालून पहिला घास घेतला.